आई-बाबांचा तिसरा डोस: तीच लस की वेगळी?

१० जानेवारी २०२२ रोजी साठीपुढच्या व्याधीग्रस्तांसाठी कोविड लशीचा ‘प्रिकॉशन डोस’ सुरू झाला, तेव्हा नियम सरळ होता: आधीचे दोन ज्या लशीचे, तिसराही तिचाच. ऑगस्टमध्ये पर्याय आला. कोव्हिशील्ड किंवा कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना दुसऱ्या डोसनंतर सहा महिन्यांनी हैदराबादची कॉर्बेव्हॅक्स घेता येऊ लागली.

सरमिसळीचा धडा मात्र त्याआधीच, चुकून मिळाला होता. मे २०२१ मध्ये उत्तर प्रदेशच्या सिद्धार्थनगर जिल्ह्यात काही गावकऱ्यांना कोव्हिशील्डनंतर कोव्हॅक्सिन टोचली गेली. आयसीएमआर आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने त्यातल्या १८ जणांना तपासलं. वेगळा त्रास नव्हता, प्रतिपिंडंही चांगली होती. अर्थात, अठरा जणांवरून सगळ्या ज्येष्ठांचा निकाल लावता येत नाही.

घरोघरी वाद लशीच्या नावावरून. डोस लांबला तर वयस्करांनाच धोका जास्त, हे बाजूलाच. आधीच्या डोसनंतर अंगावर पित्त उठलं होतं का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे टोचण्याआधी सांगायचं. आणि लशीचं नाव प्रमाणपत्रावरून वाचायचं. ‘निळ्या झाकणाची होती’ या बाबांच्या साक्षीवर जाऊ नये.