फोटोतली मागची दाढ

दुधाचे दात पडणारच आहेत, मग त्यांचे फोटो काढून डॉक्टरांना कशाला पाठवायचे? प्रश्न बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीच्या घरात निघो की ऊसतोडीच्या फडावर, त्यामागचा समज चुकीचाच. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्याही मागे, एकही दात न पडता, पहिली कायमची दाढ उगवते. घरचे तिला दुधाचीच समजतात आणि कीड तिच्या खाचांत बसते. म्हणून हसरे पुढचे दात एकवेळ फोटोत नसले तरी चालेल, दाढांचा माथा मात्र दिसलाच पाहिजे.

त्यासाठी महागडा फोन लागत नाही. दात घासून घ्या आणि स्वच्छ फडक्याने लाळ टिपा, नाहीतर फ्लॅशची चमक डागावरच पडते. चमच्याच्या दांड्याने गाल हलकेच बाजूला धरून मागच्या कॅमेऱ्याने पाच फोटो काढा: समोरून, डावीकडून, उजवीकडून, वरचा जबडा, खालचा जबडा. चेहरा उजळवणारा फिल्टर बंद ठेवा. तो दातही उजळवतो, आणि किडीची पहिली खूण म्हणजे खडूसारखा पांढरा ठिपका! एवढ्यावर लक्ष गेलं तर फ्लोराइडच्या उपचाराने कीड तिथेच थांबू शकते.

तपकिरी डाग म्हणजे कीडच, असंही नाही. बीड जिल्ह्यात काही ठिकाणी भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात त्याची कमाल मर्यादा लिटरला 1.5 मिलिग्रॅम. लहानपणापासून असं पाणी पोटात गेलं की दातांवर डाग उमटतात, बहुधा डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारखेच. फोटोसोबत पाणी कुठल्या बोअरचं, तेही कळवा.

सगळ्यात महागात पडणारा समज वेगळाच: फोटोत काही दिसलं नाही, म्हणजे दात चांगले. ऑस्ट्रेलियात अशा फोटोंवर झालेल्या अभ्यासांत दिसलेली कीड बहुतेक वेळा खरी निघाली, पण न दिसलेलीही बरीच होती. दोन दाढांच्या फटीतली कीड एक्स-रेशिवाय सहसा कळत नाही. त्यामुळे फोटोवरून कुणाला आधी न्यायचं ते ठरतं; अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येणाऱ्या आरोग्य पथकाची तपासणी चुकवू नये.

फोटोवरचा सल्ला बेकायदा नाही. 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिनविषयीच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत डॉक्टरांच्या अशा सल्ल्याला जागा आहे. मुलासोबत मोठं माणूस हवं, इतकंच. मात्र गालावर सूज, ताप किंवा रात्रीची झोपमोड करणारी कळ असेल तर फोन खिशात ठेवा आणि लेकराला घेऊन थेट अंबाजोगाईचं शासकीय रुग्णालय गाठा.