नदी हवी, भिंत नको!

अमेरिकेतली नोकरी म्हटलं की डोळ्यांसमोर येतं न्यूयॉर्क, नाहीतर बे एरिया. माझ्या वाट्याला आलं डॅव्हनपोर्ट, आयोवा! लोकसंख्या जेमतेम एक लाख. पलीकडच्या काठावर मोलीन, तिथे जॉन डिअरचं मुख्यालय. या ट्रॅक्टरवाल्या कंपनीचं मोठं सेंटर पुण्यात आहे, त्यामुळे ‘मगरपट्ट्यात कुठल्या टॉवरला होतास?’ हा प्रश्न इथेही कानावर पडतो.

मधून वाहते मिसिसिपी. शाळेत शिकलो की ही नदी उत्तरेकडून दक्षिणेला जाते. इथे मात्र ती चक्क पश्चिमेला वळते. पण त्याहून भन्नाट गोष्ट वेगळीच आहे. शेजारच्या रॉक आयलंड आणि बेटेनडॉर्फने पुरासाठी पक्क्या भिंती बांधल्या. डॅव्हनपोर्टने 1980च्या दशकात भिंतीला चक्क नाही म्हटलं. का? तर नदी दिसली पाहिजे, बॉस! काठावर बाग, जॅझची मैफल, बेसबॉलचं स्टेडियम आणि समोर पाणी. संध्याकाळी तिथे बसलात की हा हट्ट पटतोसुद्धा.

बाहेरच्यांना तो तितकासा पटत नाही. 2001च्या पुरात ‘फेमा’चे, म्हणजे केंद्राच्या आपत्ती संस्थेचे प्रमुख जो ऑलबॉ यांनी जाहीरपणे विचारलं होतं, की करदात्यांनी या शहराला किती वेळा मदत करायची? शहर चिडलं, पण भिंत काही बांधली नाही.

मग आला 2019चा वसंत. पाणी तीन महिन्यांहून जास्त काळ पूरपातळीच्या वर होतं. तारेच्या जाळीच्या खोक्यांत वाळू भरून तात्पुरता बांध घातला होता. 30 एप्रिलला दुपारी तो फुटला आणि डाउनटाउनच्या गल्ल्यांत नदी शिरली. पार्क केलेल्या गाड्या बुडाल्या, लोकांना बोटींतून काढावं लागलं. दोनच दिवसांनी पातळी 22.7 फुटांवर गेली. 1993चा विक्रम मोडला!

माझा प्रश्न इथेच सुरू होतो. नदीचा नजारा सगळ्या शहराचा, पण बिल कुणाचं? टेकडीवरच्या घरांना पाण्याचा थेंब लागत नाही. चिखल उपसतो तो खालच्या गल्लीतला कॅफेवाला, ब्रुअरीवाला. आपल्याकडेही भिडे पूल पाण्याखाली गेला की आपण फोटो काढायला जातो आणि काठावरच्या वस्तीतली माणसं सामान हलवत असतात. तसंच काहीसं.

मला विचाराल तर भिंत नको, पण खालच्या गल्लीतल्या नुकसानीचा वाटा टेकडीवाल्यांनीही उचलावा. हे ऑफिसात बोलून दाखवलं तर अर्धा तास वाद झाला. एकजण म्हणाला, ‘डाउनटाउनमध्ये दुकान टाकताना नदी दिसत नव्हती का?’ उत्तर सोपं नाही. आणि वाद नुसता कॉफी मशीनपाशी संपत नाही. सिटी कौन्सिलमध्ये दहा सभासद, आठ वॉर्डांचे आणि दोन सगळ्या शहराचे. तिथे कुणीही नागरिक उठून माइकवर बोलतो. आपण आपल्या नगरसेवकाच्या सभेला शेवटचे कधी गेलो होतो, आठवतंय?

2023च्या मे महिन्यात नदी पुन्हा 21 फुटांच्या वर चढली. आता मार्च उजाडला की ऑफिसात क्रिकेटच्या स्कोअरसारखा रॉक आयलंडच्या गेजचा आकडा विचारला जातो. 15 फूट म्हणजे पूरपातळी. त्याच्या वर गेला की पुढचा प्रश्न ठरलेला: रिव्हर ड्राइव्ह चालू आहे ना?