कोरडी पडलेली नाव

आमच्या कारंजा (घाडगे) गावापासून समुद्र शेकडो कोस दूर आहे. नागपूर-अमरावती महामार्गावरचे हे गाव संत्र्याच्या बागांचे आणि गवळाऊ गाईंचे. येथे मोठे पाणी पाहायचे तर कार नदीच्या धरणावर जावे लागते. अशा गावात दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टरने शिडाच्या नावेविषयी लिहावे, याचे आपल्याला नवल वाटेल. परंतु माझ्या हातून झालेली एक चूक मला एका जुन्या नावेच्या हकिकतीमुळेच उमगली. आपल्या घरात कोणी सत्तरी ओलांडलेले असेल, किंवा आपण स्वतःच त्या वयाचे असाल, तर ती हकिकत आपल्याही उपयोगी पडेल असे वाटते.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी ७४ वर्षांचे एक सुतारकाका माझ्याकडे आले. (त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) बैलगाड्या आणि दमण्या बांधण्यात त्यांची हयात गेलेली. पत्नी वारल्याला वर्ष झाले होते. अंगणात काम करताना ते पडले होते. हाड मोडले नव्हते. मनगट मुरगळले होते आणि कपाळाला तीन टाके पडले. मी त्यांच्या मुलाला बाजूला घेऊन सांगितले, "आता यांना हत्यारांना हात लावू देऊ नका. पूर्ण आराम."

मुलगा आज्ञाधारक होता. वाकस, रंधा, पटाशी, करवत, सारे पेटीत भरून पेटी माळ्यावर गेली. सूनबाई चहा-पाणी जागेवर देऊ लागल्या. आठ महिन्यांनी काका पुन्हा आले तेव्हा त्यांचे वजन सहा किलोंनी उतरले होते. बोलणे जवळजवळ थांबले होते. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा आधार लागत होता. "मामाजी आता काहीच विचारत नाहीत," सूनबाई म्हणाल्या. मला प्रथम स्मृतिभ्रंशाची शंका आली. तपासणीत मात्र निघाले ते ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, खचलेले स्नायू आणि खोल उदासीनता. पहिल्या कारणाशी माझा संबंध नव्हता. उरलेल्या दोहोंना माझा सल्ला बऱ्याच अंशी जबाबदार होता.

मुंबईत बांधलेली 'सुहेली'

त्याच सुमारास माझ्या वाचनात 'सुहेली' नावाची नौका आली. ही सुमारे ३२ फुटांची सागवानी नाव १९६० च्या दशकात आपल्या मुंबईतच बांधली गेली. येथील सुतारांनी वाकस आणि दोरीने फिरवायचा सामता अशा पारंपरिक हत्यारांनी तिच्या फळ्या घडविल्या. तिचे मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे व्यापारी जहाजांवरचे तरुण इंग्रज अधिकारी होते. १४ जून १९६८ रोजी ते तिला घेऊन इंग्लंडमधील फालमथ बंदरातून एकटेच निघाले आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी तेथेच परतले. ३१२ दिवस लागले. त्या स्पर्धेत नऊ जण उतरले होते. प्रवास पूर्ण केला तो एकट्या 'सुहेली'ने. एकट्याने, विनाथांबा जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले मानव ठरले.

आपल्यासाठी महत्त्वाचा भाग त्यानंतरचा आहे. १९९७ मध्ये या कीर्तिवंत नावेला ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात सन्मानाने ठेवण्यात आले. डोक्यावर छप्पर, नियंत्रित हवा, लाटा नाहीत, वारा नाही. यापेक्षा सुरक्षित जागा कोणती? परंतु त्या कोरड्या हवेत तिच्या फळ्या आक्रसू लागल्या. ज्या लाकडाने दक्षिण महासागराची वादळे सोसली, ते निवाऱ्यात सुकत चालले. अखेर २००२ मध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिला तेथून बाहेर काढले आणि सवडीसवडीने तिची डागडुजी हाती घेतली. लाकडी नावेच्या फळ्या पाण्यात फुगतात आणि त्यामुळेच सांधे घट्ट राहतात. नाव फार काळ कोरडी राहिली की सांध्यांत फटी पडतात, आणि पुन्हा पाण्यात सोडल्यावर फळ्या फुगेपर्यंत पाणी आत झिरपते.

हे वाचले आणि मला माळ्यावरची पेटी आठवली. मी सुतारकाकांना संग्रहालयात ठेवले होते.

शरीराचेही तसेच

हे केवळ रूपक समजू नका. निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना सलग १० दिवस अंथरुणावर ठेवून पाहिले असता त्यांच्या पायांतील स्नायूंचा भार सुमारे १ किलोने घटल्याचे संशोधनात आढळले आहे. हेच स्नायू आपल्याला खुर्चीतून उठवितात, तोल जाताना सावरतात. म्हणजे पडू नये म्हणून दिलेला अतिरिक्त आराम पडण्याचा धोका वाढवितो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील व्यक्तींनाही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व ताकद राखणारे व्यायाम सुचविते.

मनाचे गणितही वेगळे नाही. नॉक्स-जॉन्स्टन यांच्या पत्नीचे २००३ मध्ये निधन झाले. त्यानंतर त्यांनी पुन्हा एकट्याने जग वळसा घालण्याची स्पर्धा पत्करली आणि २००७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, ती पूर्ण केली. 'सुहेली' २०१६ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा पाण्यात उतरली तेव्हा ते ७७ वर्षांचे होते. आपण सर्वांनी असेच करावे असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु दुःखात बुडालेल्या माणसाला "आता शांत बसा" असे सांगण्यापूर्वी आपण थांबावे. बसून राहिल्याने प्रत्येकाला शांती मिळतेच असे नाही. काहींना ती हातातल्या कामात मिळते.

एकटा म्हणजे निराधार नव्हे

घरच्यांना भीती असते ती एकटेपणाची. "आम्ही शेतावर असताना काही झाले तर?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एकट्याने समुद्र ओलांडणाऱ्यांकडूनच घ्यावे.

भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे हे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. ऑगस्ट २००९ मध्ये 'म्हादेई' नौकेतून ते मुंबईहून निघाले आणि वाटेत चार ठिकाणी थांबून मे २०१० मध्ये परतले. ही नौका गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. निघण्यापूर्वी दोंदे यांनी नॉक्स-जॉन्स्टन यांच्या नौकेच्या तयारीत हातभार लावून अनुभव घेतला होता आणि म्हादेईच्या बांधणीत स्वतः लक्ष घातले होते. समुद्रावर ते एकटे होते, पण त्या एकटेपणामागे काही वर्षांची तयारी आणि किनाऱ्यावरची माणसे होती.

दुसरे नाव अभिलाष टॉमी यांचे. २०१८ मध्ये गोव्यातच बांधलेल्या, 'सुहेली'च्या धर्तीवरील 'थुरिया' नौकेतून जात असता दक्षिण हिंदी महासागरातील वादळात त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. जागचे हलता येत नव्हते. पण संदेश पाठविण्याचे साधन हाताशी होते, म्हणून सुमारे तीन दिवसांत फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. शस्त्रक्रिया आणि चिकाटीच्या पुनर्वसनानंतर २०२३ मध्ये त्यांनी त्याच नावाची स्पर्धा दुसऱ्या क्रमांकाने पूर्ण केली.

या दोघांकडून आपल्या अंगणापुरते तीन नियम घेता येतात.

पहिला : मदतीचे साधन अंगावर असावे. मोबाइल घरात चार्जिंगला लावून अंगणात काम करू नये. तो खिशात किंवा गळ्यात असावा आणि एका कळीवर लागणारे दोन क्रमांक त्यात साठविलेले असावेत.

दुसरा : वेळ ठरवून खबर द्यावी. सकाळी काम सुरू करताना आणि दुपारी थांबताना शेजाऱ्याला हाक मारावी किंवा मुलाला फोन करावा. खबर आली नाही तर कोणी येऊन पाहायचे, हेही आधीच ठरवावे.

तिसरा : खलाशांचा जुना दंडक, एक हात नावेसाठी, एक हात स्वतःसाठी. डोलत्या नावेवर ते दोन्ही हात कामात गुंतवीत नाहीत; एका हाताने काहीतरी धरून असतात. आपल्याकडे डोलणारी जागा म्हणजे न्हाणीघर आणि जिना. एका हातात बादली असेल तर दुसरा हात कठड्यावर हवा, आणि त्यासाठी तेथे मजबूत कठडा हवा.

पाण्यात उतरण्यापूर्वीची तपासणी

जुनी नाव थेट पाण्यात ढकलत नाहीत. फळी न् फळी ठोकून पाहतात, गंजलेले खिळे-बोल्ट बदलतात, सांधे भरतात. जुन्या हातांना काम परत देण्यापूर्वी एवढे पाहावे :

१. घरी करण्याजोगी चाचणी : खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे. सोबतीला कोणीतरी उभे असावे. १२ सेकंद किंवा अधिक लागत असतील तर पडण्याचा धोका आहे. आधी पायांची ताकद आणि तोल यांवर काम करावे.

२. रक्तदाब झोपलेल्या आणि उभ्या स्थितीत मोजून घ्यावा. उभे राहताच तो उतरत असेल, तर अंधारी येऊन पडण्याचे कारण तेथेच सापडते.

३. सर्व औषधे पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवावीत. झोपेच्या गोळ्या आणि काही रक्तदाबाची औषधे तोल बिघडवू शकतात. औषध स्वतःहून मात्र बंद करू नये.

४. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी काम करू नये; खिशात साखर किंवा गूळ असावा. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर धारदार हत्यारांविषयी डॉक्टरांशी बोलावे, आणि अशा व्यक्तीच्या डोक्याला किरकोळ मार लागला तरी लगेच दाखवावे.

५. मोतीबिंदू, चष्म्याचा नंबर, ऐकू येणे आणि धनुर्वाताची लस या गोष्टी सहज राहून जातात.

६. जुना रंग कोरडा घासू नये. पूर्वीच्या रंगांत शिसे असे. भारतात घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली. घासण्यापूर्वी पृष्ठभाग ओला करावा, चांगला मास्क लावावा आणि नातवंडांना त्या जागेपासून दूर ठेवावे. सागवानाची धूळही दमेकऱ्यांना आणि नाजूक त्वचेला त्रास देते.

आणि विदर्भाचा उन्हाळा ध्यानात ठेवावा : एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊनंतर अंगणातले काम बंद. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर ती पाळावी.

चाक पाण्यात

सुतारकाकांना मी 'सुहेली'ची गोष्ट सांगितली, तेव्हा कित्येक महिन्यांनी ते आपणहून बोलले. "डॉक्टरसाहेब, यात नवं काय? चाक कोरड्यात पडून राह्यलं का धाव ढिली होऊन निंगते. म्हणून तर आम्ही चाक नदीत टाकून ठेवतो."

मी त्यांच्यासमोर आणि मुलासमोर माझी चूक कबूल केली. ब-१२ ची इंजेक्शने सुरू झाली, उदासीनतेवर औषध दिले आणि पायांचे व्यायाम शिकविले. सहा आठवड्यांनी पेटी माळ्यावरून उतरली. अटी होत्या : काम बाकावर बसून, सकाळचे दोन तास, फोन गळ्यात, शिडीवर चढणे नाही, विजेची करवत नाही. गोठ्यामागे त्यांच्या वडिलांच्या वेळची एक दमणी मोडून पडली होती. ती त्यांनी दुरुस्तीला घेतली. जड भाग नातू उचलून देई. वर्षाहून अधिक काळ लागला. मधे तापाने तीन आठवडे काम थांबले, एकदा पटाशीने बोट कापले. मुलगा घाबरून माझ्याकडे आला. आम्ही दोन टाके घातले, पेटी मात्र माळ्यावर गेली नाही.

काका तरुण झाले नाहीत. रात्री उठताना काठी लागते. चालण्याच्या चाचणीला पूर्वी १९ सेकंद लागत, आता १४ लागतात. धोका टळलेला नाही, कमी झाला आहे. वजन चार किलोंनी वाढले. आणि सूनबाईंची नवी तक्रार आहे, की मामाजी जेवायला हाक मारली तरी उठत नाहीत.

वाचकहो, आपल्या घरातील माळ्यावरही अशी एखादी पेटी असेल. तीत हत्यारे असतील, शिवणयंत्राचे सामान असेल, पेटी-तबला असेल किंवा बागकामाची खुरपी असेल. येत्या पंधरवड्यात ती पेटी कोणाची आणि ती वर कधी गेली, हे त्या व्यक्तीलाच विचारा. मग वरची तपासणी करून घ्या, आपल्या डॉक्टरांशी बोला आणि पहिल्या दिवशी थोडा वेळ शेजारी बसा.