वस्तादाच्या मनाचा खुराक

पैलवानाच्या खुराकाबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. दूध किती, बदाम किती, तूप किती, जोर किती आणि बैठका किती, याचा हिशेब पारावर बसलेला कोणीही सांगेल. परंतु त्या पैलवानाला घडवणाऱ्या वस्तादाच्या खुराकाची चौकशी सहसा कोणी करीत नाही. त्याच्या मनाच्या खुराकाची तर नाहीच नाही.

मुलांना कुस्ती, लाठी, दांडपट्टा, ज्युदो किंवा कराटे शिकवले की मुले काटक होतात, धीट होतात, त्यांना शिस्त लागते, हे आपण ऐकत आलो आहोत आणि ते खरेही आहे. आजच्या लेखात मात्र शिकवणाऱ्याकडे पाहू. मुलांना हे डाव शिकवण्यात शिकवणाऱ्याच्या मनाला जे मिळते, त्याचा त्याच्या आरोग्याशी जवळचा संबंध आहे. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ या आपल्या तालुक्यांतील गावोगावी ज्यांच्या अंगात ही विद्या आहे पण जे आज रिकामे बसून आहेत, अशा मंडळींनी तरी हा विषय मनावर घ्यावा.

कुस्ती सुटते तेव्हा

कान मोडलेला माणूस दिसला की त्याने उमेदीची वर्षे आखाड्यात घालवली आहेत, हे खेड्यातले लहान पोरही ओळखते. पण तिशी-पस्तिशी उलटली, संसार मागे लागला, की कुस्ती सुटते. मेहनत थांबते आणि जेवण मात्र पूर्वीचेच राहते. मग वजन वाढते, गुडघे दुखू लागतात, पुढे रक्तदाब आणि मधुमेहही मागे लागतात. ही झाली शरीराची बाजू.

मनाची बाजू याहून अवघड आहे. ज्याच्या नावाने जत्रेच्या फडात हलगी घुमली, त्याला काही वर्षांनी बाजारात कोणी ओळखतही नाही. निवृत्त झालेला व्यायामशिक्षक, पोलीस खात्यातून किंवा सैन्यातून घरी परतलेला जवान यांचीही हीच गत होते. अंगात विद्या आहे, पण ती कोणाला नको आहे, ही भावना माणसाला आतून पोखरते. झोप उडते, चिडचिड वाढते, घरच्यांशी बोलणे कमी होते आणि काही जण व्यसनाकडे वळतात. झोप येत नसेल तर डॉक्टर गोळी देऊ शकतात. पहाटे पाच वाजता उठावेसे वाटेल असे कारण मात्र औषधाच्या दुकानात मिळत नाही.

मानसशास्त्र काय सांगते?

एरिक एरिकसन या मानसशास्त्रज्ञांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मानवी आयुष्याचे आठ टप्पे मांडले. त्यांच्या मते मध्यम वयात माणसापुढे एकच मोठा प्रश्न असतो : आपल्याजवळ जे आहे ते पुढच्या पिढीच्या हाती देता येते की नाही? ज्याला ते देता येते त्याचे मन भरलेले राहते. ज्याला ते जमत नाही त्याचे मन साचलेल्या पाण्यासारखे होते. यात केवळ स्वतःच्या लेकरांचा विचार नाही. शेजाऱ्याचे, गावचे, परक्याचे मूल घडवणे हेही त्यात येते.

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात साठीच्या पुढच्या स्वयंसेवकांना प्राथमिक शाळांतील मुलांच्या मदतीला पाठवण्याचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. या वृद्धांची हालचाल वाढली आणि अडीअडचणीला हाक मारता येईल अशी माणसे आपल्याला आहेत, ही भावनाही वाढली, असे त्यात आढळले. तेथे ही मंडळी वाचन-अभ्यासात मदत करीत होती, कुस्ती शिकवीत नव्हती. तथापि मुलांच्या उपयोगी पडणे हे वृद्धांच्या तब्येतीला मानवते, एवढे त्यावरून दिसते.

हे सुख कोठून येते?

पहिले कारण म्हणजे कोणीतरी आपली वाट पाहत असते. पहाटे दहा पोरे लंगोट लावून हौदाशी उभी आहेत, हे माहीत असलेला माणूस रात्री वेळेवर निजतो आणि वेळेवर उठतो. दिवसाला वळण लागते. उदास मनावरच्या उपचारात दिनक्रमाला फार महत्त्व आहे.

दुसरे कारण म्हणजे एकाग्रता. पोराने पट काढला, त्याची मान कोठे आहे, समोरच्याचा हात कोठे अडकला आहे, हे पाहताना वस्तादाला कर्जाचा हप्ता किंवा भावकीतला वाद आठवायला सवड नसते. तासभर मन एका जागी राहते. ही विश्रांतीच आहे.

तिसरे कारण असे की येथे प्रगती डोळ्यांना दिसते. पहिल्या दिवशी मान वर न करणारा पोरगा महिन्याने ताठ उभा राहून सलामी देतो. पडायला घाबरणारी मुलगी हनुवटी छातीला लावून बिनधोक पडायला शिकते आणि उठून हसते. ज्युदोत पहिला धडा पडण्याचाच असतो. तो शिकवताना मूल आपला सगळा भार शिकवणाऱ्याच्या हातावर विश्वासाने टाकते. हा विश्वास पगाराने किंवा इनामाने मिळत नाही.

चौथे कारण जुन्या वस्तादांना चांगले ठाऊक आहे. माती उकरणे, तिच्यात तेल, ताक, लिंबू आणि हळद मिसळणे, ती पायाने मळणे ही कामे मुलांबरोबर करताना गप्पा होतात, थट्टा होते. आपला जिल्हा तर हळदीचा. वसमतच्या बाजारातली हळद दूरवर जाते. ती मूठभर आपल्याच आखाड्याच्या मातीत पडली आणि दहा पोरांनी मिळून ती कालवली, तर एकटेपणा त्या वेळेपुरता तरी दूर पळतो.

मराठवाड्यातील एक परंपरा

लातूर जिल्ह्यातून पुढे आलेले रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार हे नाव मराठवाड्याला नवे नाही. १९६९ साली ते महाराष्ट्र केसरी झाले. कुस्ती थांबल्यावर ते घरी बसले नाहीत. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरे घडवली. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे हा त्यांच्याच हाताखाली तयार झालेला मल्ल. २०११ साली बिराजदार निवर्तले. पुढे लातूरचेच अर्जुन पुरस्कारप्राप्त मल्ल काका पवार यांनी राहुलला मार्गदर्शन केले. २०१८ साली ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे राष्ट्रकुल स्पर्धेत राहुलने ५७ किलो गटात सुवर्णपदक मिळवले आणि ते आपल्या दिवंगत गुरूंना अर्पण केले. पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेतही त्याने ६१ किलो गटात कांस्यपदक मिळवले.

ते सुवर्ण पाहायला गुरू नव्हते. मग त्यांना काय मिळाले, असा प्रश्न कोणी विचारील. पदक हे एका दिवसाचे असते. शिकवणे हे रोजच्या पहाटेचे असते, आणि गुरूचा मोबदला त्याला त्या पहाटेच मिळून गेलेला असतो. आपले डाव आपल्यानंतरही कोणाच्या तरी अंगात राहणार आहेत, ही खात्री असलेला माणूस म्हातारपणाला कमी घाबरतो.

शिकवताना स्वतःचाही राग आवरतो

ज्युदोचे जनक जिगोरो कानो हे लहानपणी किरकोळ प्रकृतीचे होते आणि दांडगट मुलांचा जाच त्यांनी सोसला होता. १८८२ साली त्यांनी टोकियोत कोडोकान ही ज्युदोची शाळा काढली. पेशाने ते शिक्षक होते. आपले आणि दुसऱ्याचे कल्याण बरोबरीने साधावे, हे तत्त्व त्यांनी ज्युदोच्या मुळाशी ठेवले. कराटे ओकिनावाहून टोकियोत नेणारे गिचिन फुनाकोशी हेही शाळामास्तरच होते.

कसे शिकवले यावर बरेच अवलंबून असते. अमेरिकेत ट्रुलसन या संशोधकाने १९८६ साली वाट चुकलेल्या किशोरवयीन मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांच्या एका गटाला नमस्कार, आदर, संयम यांसह तायक्वांदो शिकवले आणि दुसऱ्या गटाला फक्त मारामारीचे तंत्र शिकवले. पहिल्या गटातील मुलांचा आक्रमकपणा कमी झाला. दुसऱ्या गटात तो उलट वाढला. अभ्यास लहान होता, पण त्यातला बोध आपल्या तालमींना जुनाच आहे. जो वस्ताद पोरांना संयम शिकवतो त्याला आधी स्वतःची जीभ आणि हात आवरावा लागतो. रोज आवरता आवरता ती सवय घरातही येते, आणि तिचा पहिला लाभ बायकापोरांना होतो.

बहिणींनो, तुम्हीसुद्धा

समग्र शिक्षा योजनेत शासकीय शाळांतील सहावी ते बारावीच्या मुलींना स्वसंरक्षण शिकवण्याची तरतूद आहे. हे काम बायकांनी शिकवले तर अधिक चांगले होते. ज्या मुलींनी शाळा-महाविद्यालयात कराटे, कुस्ती किंवा ज्युदो केले आणि लग्नानंतर सोडून दिले, त्यांनी गावातल्या पाच मुली गोळा करून सुरुवात करावी. रस्त्याने एकटी जाणारी मुलगी मान ताठ ठेवून चालू लागली, की शिकवणारीच्या मनातली जुनी भीतीही थोडी सैल होते.

पथ्ये पाळावीत

औषध कितीही चांगले असले तरी पथ्य लागतेच.

१) चाळिशीनंतर पुन्हा हौदात उतरण्यापूर्वी रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी. तरण्या पोरांशी जोड धरण्याचा मोह टाळावा. काठावर उभे राहूनही उत्तम शिकवता येते.

२) आपले अपुरे स्वप्न पोराच्या खांद्यावर टाकू नये. आपल्याला गदा मिळाली नाही म्हणून याला मिळालीच पाहिजे, असे ज्याच्या मनात बसले त्याचे सुख संपले. पोर हरले की त्याचाच रक्तदाब चढतो.

३) शिष्य सोडून जातात. कोणी शिकायला शहरात जातो, कोणी दुसऱ्या तालमीत जातो, कोणी कंटाळतो. वाईट वाटणे साहजिक आहे. त्याला आशीर्वाद देऊन निरोप द्यावा आणि उरलेल्या पोरांकडे वळावे.

४) छडी आणि शिवी यांना आखाड्यात जागा देऊ नये. मार खाऊन शिकलेले पोर पुढे मारच देते.

५) लहान मुलांच्या मानेवर भार येईल असे डाव आणि व्यायाम शिकवू नयेत. डोक्याला मार लागून पोर भांबावले, त्याला ओकारी आली किंवा झोपाळूपणा वाटला, तर त्या दिवशीची मेहनत बंद करून तातडीने दवाखाना गाठावा. वजनगटासाठी वाढत्या वयाच्या मुलांना उपाशी किंवा तहानलेले ठेवू नये.

६) अंगावर नायटा-गजकर्ण असलेल्या मुलाला बरा होईपर्यंत हौदात उतरवू नये. लंगोट, टॉवेल प्रत्येकाचा वेगळा असावा.

७) अंगाला हात लावून शिकवायची ही विद्या आहे. म्हणून वर्ग नेहमी उघड्यावर, चारचौघांच्या देखत घ्यावा. आई-वडिलांना केव्हाही येऊन पाहण्याची मुभा असावी. यात मुलांचे रक्षण आहे आणि शिकवणाऱ्याच्या अब्रूचेही.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. दोन-दोन आठवडे मन उदास राहणे, झोप आणि भूक जाणे, जगण्यात अर्थ नाही असे वाटणे ही आजाराची लक्षणे आहेत. त्यावर नुसते शिकवणे हा उपाय पुरेसा नाही. अशा वेळी जिल्हा रुग्णालयात दाखवावे किंवा शासनाच्या टेलि-मानस सेवेशी १४४१६ या क्रमांकावर बोलावे. ही सेवा मोफत आहे. पैलवान माणसाने मनाच्या दुखण्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. खांदा निखळला तर आपण हाडवैद्याकडे जातोच ना?

सुरुवात कशी करावी?

मोठी इमारत, मॅट, गणवेश यांची वाट पाहू नये. मारुतीच्या देवळाशेजारची जागा, शाळेचे मैदान, नाहीतर शेताची मऊ माती पुरे. सरपंच आणि मुख्याध्यापकांना सांगून ठेवावे. पहिल्या महिन्यात आठवड्यातून तीन दिवस, एक तास एवढेच करावे. पाच पोरे आली तरी पुष्कळ झाले. कोणाला रीतसर शिक्षण घ्यावेसे वाटले, तर १९१४ साली स्थापन झालेले अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आपल्या जिल्ह्यापासून फार दूर नाही.

आपल्याकडच्या जत्रांत दिवसाची सुरुवात लहान पोरांच्या नारळावरच्या कुस्त्यांनी होते. मोठ्या जोडी दुपारनंतर लागतात. येत्या जत्रेत त्या पहिल्या कुस्त्या जरूर पाहाव्यात, आणि नारळ जिंकणाऱ्या पोराकडे पाहून झाले की फडाच्या कडेला उभ्या असलेल्या त्याच्या वस्तादाच्या चेहऱ्याकडेही एकदा पाहावे. ज्यांच्या अंगात ही विद्या आहे त्यांनी ती घरात कुलूप लावून ठेवू नये. ती दिल्याने कमी होत नाही आणि देणाऱ्याची तब्येत राखते.