ऑर्किडला जांभळा दिवाच लागतो?

फॅलेनॉप्सिसचे फुललेले रोप घरी येते, फुले गळतात, पुढचे वर्षभर नुसती पाने दिसत राहतात. मग कोणीतरी सांगते, "तुमच्या फ्लॅटमध्ये ऊन नाही, त्याला जांभळा ग्रो लाइट लावा. साध्या पांढऱ्या दिव्याचा झाडांना उपयोग नसतो." यातला ऊन कमी असल्याचा भाग बहुधा खरा असतो. पांढऱ्या दिव्याबद्दलचे विधान साफ चुकीचे आहे, आणि तरीही ते इतक्या ठामपणे सांगितले जाते की लोक महागडे दिवे विकत घेऊन बैठकीची खोली जांभळी करून बसतात.

या समजुतीचे मूळ एका आलेखात आहे. पाठ्यपुस्तकात हरितद्रव्याच्या प्रकाशशोषणाचा आलेख असतो: निळ्या आणि लाल भागात दोन शिखरे, मधल्या हिरव्या भागात दरी. त्यावरून निष्कर्ष काढला जातो की हिरवा प्रकाश वाया जातो. पण तो आलेख पानाचा नाही. पानातून वेगळे काढून द्रावकात विरघळवलेल्या हरितद्रव्याचा तो आलेख आहे. जिवंत पानात शिरलेला प्रकाश पेशींच्या थरांमध्ये पुन्हा पुन्हा वळतो, विखुरतो आणि त्या प्रवासात हरितद्रव्याच्या वाट्याला अनेकदा येतो. म्हणून बहुतेक पाने हिरव्या प्रकाशाचाही मोठा हिस्सा शोषून घेतात. आपल्याला पान हिरवे दिसते ते उरलेल्या थोड्या परावर्तित प्रकाशामुळे.

हे कोणाचे वैयक्तिक मत नाही. कीथ मॅक्री यांनी 1972 साली 22 पिकांच्या पानांवर प्रत्येक रंगाच्या प्रकाशात होणारे प्रकाशसंश्लेषण मोजून प्रसिद्ध केले. त्यात लाल-नारिंगी प्रकाश सर्वांत पुढे होता, पण हिरवाही निळ्याच्या तोडीचा ठरला. 2009 साली जपानमध्ये तेराशिमा आणि सहकाऱ्यांनी सूर्यफुलाच्या पानांवर दाखवले की आधीच प्रखर पांढरा उजेड असताना त्यात लाल प्रकाश वाढवण्यापेक्षा हिरवा वाढवला तर पानाला जास्त फायदा होतो, कारण तो खालच्या थरांपर्यंत पोहोचतो. ही ऑर्किड नव्हती असा आक्षेप कोणी घेईल. मग ऑर्किडचेच पाहा. ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळांत त्यांची कोवळी रोपे वर्षानुवर्षे साध्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली वाढली आहेत, आणि नेदरलँड्सच्या हरितगृहांत फॅलेनॉप्सिस पिवळसर सोडियम दिव्यांखाली फुलत आले आहेत.

मग जांभळे दिवे आलेच कशाला? लाल आणि निळे एलईडी कमी विजेत झाडाला उपयोगी प्रकाशकण भरपूर देतात. एकरभर हरितगृहात ही बचत मोठी ठरते. त्या दिव्याखाली रोप वाढते, याबद्दल वाद नाही. पण दोन-चार कुंड्यांसाठी ही बचत नगण्य असते, आणि तोटा मात्र रोजचा असतो. जांभळ्या उजेडात पाने काळपट दिसतात, त्यामुळे खवले कीड, कुजीचा डाग, पिवळी पडू लागलेली कड, काहीही वेळेवर नजरेस पडत नाही.

पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा एलईडी आणि त्यावर फॉस्फरचा लेप. त्याच्या प्रकाशात निळा, हिरवा, पिवळा, लाल सगळे असते. 3000 ते 6500 केल्विनमधला कोणताही चालेल. रंगापेक्षा मात्रा महत्त्वाची. फॅलेनॉप्सिसला साधारण 10,000 ते 15,000 लक्स प्रकाश मानवतो, कॅटलियाला 20,000 ते 30,000. खिडकीपासून चार-पाच फूट आत तो अनेकदा हजार लक्सही नसतो. शेजारी शेजारी बसवलेल्या 20 वॅटच्या तीन पांढऱ्या एलईडी ट्यूब पानांपासून आठ-दहा इंचांवर ठेवल्या, तर दहा हजारांच्या आसपास जाता येते. बारा तासांना वीज पाऊण युनिटपेक्षा कमी लागते. लक्समीटर स्वस्त मिळतो. पांढऱ्या दिव्यासाठी तो पुरेसा आहे, जांभळ्यासाठी मात्र नाही, कारण तो माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात:

"जास्त वॅट म्हणजे जास्त उजेड." वॅट हा विजेचा खप आहे. खोक्यावर ल्युमेन वाचा.

"दिवा छतालाच असला तरी चालेल." छोट्या बल्बपासूनचे अंतर दुप्पट केले की उजेड चौथाईवर येतो.

"चोवीस तास उजेड, म्हणजे दुप्पट वाढ." फॅलेनॉप्सिस आणि कॅटलिया कार्बन डायऑक्साइड मुख्यतः रात्री घेतात. बारा ते चौदा तास उजेड द्या, मग पूर्ण अंधार.

"गडद हिरवी पाने म्हणजे ठणठणीत रोप." गडद आणि लुळी पाने बहुधा उजेडाची उपासमार सांगतात. पिवळट किंवा लालसर झाक आली, तर उजेड जास्त होतोय.

"ऑर्किड सावलीतच वाढते." सह्याद्रीतली सीतेची वेणी जमिनीवरच्या अंधारात नाही, झाडाच्या फांदीवर गाळीव उन्हात वाढते.

"दिवा लावला की फूल येणारच." उजेडाने रोपाची ताकद साठते. पण फॅलेनॉप्सिसचा फुलदांडा निघण्यासाठी तापमान काही आठवडे साधारण 25 अंशांखाली राहावे लागते. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात खिडकीजवळ हे आपोआप घडते. मुंबईच्या दमट उकाड्यात दिवा कितीही चांगला असला, तरी रोपाला रात्रीचा गारवा कुठून मिळेल याचा विचार करावाच लागतो.

म्हणून दुकानात गेल्यावर दिव्याच्या रंगाची चौकशी करू नका. ल्युमेन किती ते पाहा, घरी आल्यावर पानाच्या पातळीवर लक्स मोजा आणि दिव्याला टायमर लावा. पुढचे दोन महिने नव्या पानाकडे लक्ष ठेवा. ते जुन्यापेक्षा जाड आणि ताठ निघत असेल, तर उजेड पुरतो आहे. लांबट आणि लुळे निघत असेल, तर आणखी एक ट्यूब वाढवा, पांढरीच.