सदाफुली : औषधी आहे, म्हणूनच जपून

नांदेड-लातूरकडे अंगणात तुळशीशेजारी सदाफुली हमखास दिसते. पाणी कमी पडले तरी तग धरते, बारा महिने फुलते. पान जिभेला लावून पाहिले तर कडूजहर! हा कडूपणा अल्कलॉइड नावाच्या रसायनांचा. सदाफुलीत अशी शंभराहून जास्त रसायने सापडली आहेत, बहुतेक इंडोल गटातली. किडीपासून आणि चरणाऱ्या जनावरांपासून बचाव व्हावा म्हणून झाड ती बनवते.

गैरसमज : अनशापोटी चार पाने चावली की शुगर उतरते.

वस्तुस्थिती : जमैकातही लोक हेच मानत. त्यावरूनच १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी उंदरांना पानांचा अर्क दिला. तोंडावाटे देऊन साखर उतरली नाही. अर्क टोचला तेव्हा पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या आणि उंदीर जंतुसंसर्गाने दगावले. त्या शोधातूनच १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन हे कॅन्सरवरचे औषध पुढे आले. माणसाची साखर या पानांनी भरवशाने आटोक्यात राहते, हे मात्र आजही सिद्ध झालेले नाही.

गैरसमज : कॅन्सरचे औषध याच झाडात आहे, तर काढा का घेऊ नये?

वस्तुस्थिती : मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर चालणारे व्हिनक्रिस्टिन सदाफुलीचेच. पण एक ग्रॅम औषधासाठी सुमारे अर्धा टन वाळलेली पाने लागतात. ते फक्त शिरेतून देतात, आणि प्रौढालाही एका वेळी बहुधा २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. पेशींची वाढ थांबवणारे हे औषध नसांनाही इजा करते. हातापायांना मुंग्या येतात, बद्धकोष्ठ होतो. काढ्यात कोणते रसायन किती उतरले, हे घरी मोजता येत नाही.

गैरसमज : झाडपाल्याचे औषध बाधत नाही.

वस्तुस्थिती : कुचल्याच्या बीतले स्ट्रिकनिन इंडोल गटातलेच, त्याने जीवघेणे झटके येतात. म्हणूनच आयुर्वेदात कुचला शोधन, म्हणजे शुद्धीकरण, केल्याशिवाय वापरत नाहीत.

गैरसमज : मग सदाफुली उपटूनच टाकावी.

वस्तुस्थिती : गरज नाही. दारात लावल्याने, फुले देवाला वाहिल्याने अपाय होत नाही. लहान मुले पाने तोंडात घालणार नाहीत, एवढे पाहा.

शुगरची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. पाने खात असाल तर डॉक्टरांना न लाजता सांगा. खाल्ल्यावर उलट्या, चक्कर किंवा झटके आले तर १०८ ला फोन करा आणि झाडाची फांदी सोबत न्या. काय खाल्ले ते कळले की डॉक्टरांना उपचार ठरवणे सोपे जाते.