मानेच्या स्नायूंनाही विसावा हवा

चाकणची कांद्याची बाजारपेठ जशी प्रसिद्ध आहे, तसेच पिंपरी-चिंचवड ते चाकण ह्या पट्ट्यातील मोटारींचे कारखानेही. तेथे दिवसभर बोल्ट आवळणारा कामगार आणि शेतात बसून विळ्याने कांद्याची पात कापणारी शेतकरीण ह्यांची कामे निराळी. दुखते मात्र दोघांचीही मान.

राबतो हात, मग मान का दुखावी? मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला स्नायू हाताचा भार तोलून धरतो. हात हलत असला तरी हा स्नायू आखडलेलाच राहतो व त्यास रक्तपुरवठा कमी पडतो. स्वीडनचे संशोधक हेग ह्यांनी १९९१ साली असे मत मांडले की, हलक्या कामातही ह्यातील ठराविक तंतू सर्वांआधी कामास लागतात व सर्वांमागून सुटतात. पहाटे प्रथम उठून रात्री शेवटी निजणाऱ्या सुनेसारखीच ही गत होय.

म्हणून दिवसाअखेरच्या एका दीर्घ विश्रांतीवर विसंबू नये. कामातच थोड्याथोड्या वेळाने हात खाली सोडून खांदे सैल करावेत. ढीग समोर व जवळ घ्यावा, कोपरे अंगालगत ठेवावीत, विळ्यास धार असावी. कारखान्यातून साप्ताहिक सुटीवर आलेल्या माणसास दिवसभर कापणीस बसवू नये. त्याला पाणी देण्यासारखे निराळे काम द्यावे. अन्यथा सुटी माणसाला मिळते, मानेला नाही. हातास मुंग्या येऊ लागल्यास मात्र डॉक्टरांना दाखविण्यास विलंब करू नये.